संगणकाचे अंतरंग आणि छापील मार्गदर्शिका

(ज्ञातिमंडळाच्या पिशोर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी वक्ता नव्हे. हत्यारांच्या सहवासात आयुष्य गेलेला मनुष्य आहे. म्हणून ज्याचा थोडाफार अनुभव आहे अशाच विषयावर बोलावे, असे ठरविले. विषय वरवर पाहता लहान आहे. संगणकाच्या यंत्रभागांची माहिती देणारी छापील पुस्तके आपल्या मुलांच्या हाती असावीत की नसावीत, एवढाच तो प्रश्न. परंतु त्याच्या पोटात आपल्या ज्ञातीचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. तो प्रथम मांडतो.

आपल्या पांचाळ ज्ञातीने लोखंड, लाकूड, तांबे-कासे, पाषाण आणि सुवर्ण यांची कामे पिढ्यान् पिढ्या केली. माझे आजोबा लोहारकी करीत. त्यांनी पाणी दिलेला नांगराचा फाळ खडकाळ रानातही लवकर बोथट होत नसे, अशी त्यांची ख्याती होती. तापलेल्या लोखंडाचा रंग कोणता झाला म्हणजे ते पाण्यात बुडवावयाचे, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितले नाही. वडिलांनी विचारले की ते म्हणत, "पाहून शीक." वडील पाहून शिकतही होते, परंतु ते शिकणे पुरे होण्यापूर्वीच आजोबा एकाएकी वारले. भाता राहिला, ऐरण राहिली, घण राहिला. फाळाला पाणी देण्याचे ते कसब मात्र आमच्या घरातून गेले ते गेलेच.

हा दोष एका घराचा नाही. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या अकराव्या शतकातील 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात ग्रंथकार स्पष्टच म्हणतो की, यंत्रांची घडण मी सांगितली नाही ती अज्ञानामुळे नव्हे, तर ती गुप्त राहावी म्हणून. आपल्या शेजारच्या खुलताबाद तालुक्यात वेरूळचे कैलास लेणे आहे. आठव्या शतकात आपल्यासारख्याच कारागिरांनी एक अखंड डोंगर वरून खाली कोरीत नेला. ते लेणे पाहून आपली मान उंचावते. परंतु ती आखणी शिकविणारी त्या कारागिरांची एखादी पोथी आपल्या हाती आलेली नाही. पोटासाठी विद्या झाकावी लागली, हे मी समजू शकतो. मात्र झाकलेली विद्या धन्याबरोबरच सरणावर जाते, हेही तितकेच खरे आहे.

याच्या उलट दुसरी एक रीत जगात हळूहळू रूढ झाली. जोसेफ मॉक्सन या इंग्रज मुद्रकाने १६७७ पासून लोहारकाम, सुतारकाम इत्यादी हस्तव्यवसायांची माहिती आकृत्यांसह लहान लहान भागांत छापण्यास आरंभ केला. संगणकाच्या बाबतीतही असेच घडले. आयबीएम या अमेरिकन कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला आणि त्याबरोबर एक तांत्रिक संदर्भग्रंथही विक्रीस ठेवला. त्यात यंत्राच्या विद्युत्‌मंडलांच्या आकृत्या होत्या. इतकेच नव्हे, तर यंत्र सुरू होताना प्रथम चालणाऱ्या 'बायोस' या आज्ञावलीची संपूर्ण यादीही होती. त्या आज्ञावलीवरील हक्क कंपनीने आपल्याकडेच राखला होता. परंतु पुस्तक वाचून शेकडो कारखान्यांना त्या यंत्रात बसणारे पूरक भाग बनविता आले. पुढे स्कॉट म्यूलर यांचे 'अपग्रेडिंग अँड रिपेअरिंग पीसीज' हे पुस्तक १९८८ साली निघाले आणि २०१५ पर्यंत त्याच्या बावीस आवृत्त्या झाल्या. ज्यांचा कोणी उस्ताद नव्हता, अशा असंख्य तरुणांचा उस्ताद ते पुस्तक झाले.

आता आपल्या घरची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मंडळाच्या कार्यालयातील संगणक बंद पडला. कळ दाबली की पंखा फिरे, परंतु पडदा काळाच राही आणि आतून एकसारखा 'बीप बीप' असा आवाज येई. शहरातील एका दुरुस्तीवाल्याने "मदरबोर्ड गेला" असा निकाल दिला व काही हजारांचा खर्च सांगितला. आम्ही यंत्र परत आणले. आयटीआयमध्ये शिकणारा आपल्या ज्ञातीचाच एक मुलगा त्या दिवशी कार्यालयात आला होता. त्याने प्रथम विचारले, "काका, याच्याबरोबर आलेले पुस्तक कुठे आहे?" पावत्यांच्या कपाटात ती पातळ पुस्तिका सापडली. आवाजांच्या कोष्टकात पाहून तो म्हणाला, "ही स्मृतीच्या पट्टीची तक्रार आहे." त्याने विजेची तार काढली, पेटीच्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत् उतरविली, रॅमची पट्टी अलगद काढली, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसल्या आणि खाच जुळवून ती पुन्हा बसविली. यंत्र सुरू झाले. बिघाड पावसाळी दमटपणाचा होता. मदरबोर्ड ठणठणीत होता.

बांधवांनो, त्या मुलाचे कौतुक मी करतोच. परंतु ती पुस्तिका जपून ठेवणाऱ्या आमच्या जुन्या चिटणिसांचेही करतो. आवाजांचा अर्थ बायोस बनविणाऱ्या कंपनीप्रमाणे बदलतो. मूळच्या आयबीएम यंत्रात एक आखूड आवाज म्हणजे सर्व ठीक आणि एक लांब व दोन आखूड म्हणजे पडद्याच्या जोडणीत बिघाड, असा संकेत होता. दुसऱ्या यंत्रात तोच आवाज निराळे काही सांगेल. असे कोष्टक कोणी पाठ करीत नाही आणि करूही नये. ते उघडून पाहावयाचे असते, आणि ज्या यंत्राचे असेल त्याच यंत्राचे पाहावयाचे असते.

येथे कोणी तरुण म्हणेल, "हल्ली भ्रमणध्वनीवर सर्व काही चित्रफितीत दिसते, मग पुस्तक कशाला?" शंका रास्त आहे आणि चित्रफीत मीही पाहतो. हात कसा फिरवावा हे तिच्यात चांगले दिसते. परंतु चित्रफीत एक बिघाड दाखविते. चांगले पुस्तक यंत्राची रचना समजावून देते. विजेचा पुरवठा करणाऱ्या पेटीतून निघणारी पिवळी तार बारा व्होल्टची, तांबडी पाचाची, नारिंगी ३.३ ची व काळी भूमीची, हे ज्याला क्रमाने समजले, तो न पाहिलेल्या बिघाडापाशीही अंदाजाने पोहोचतो. यंत्राचे घड्याळ रोज मागे पडू लागले तर मदरबोर्डावरील तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपला असेल, हे त्याला आपोआप सुचते. शिवाय आपल्या भागाने भारनियमनाचे दिवस भोगलेले आहेत. दिवा नसला तरी कागद वाचता येतो, समासात खूण करता येते, आणि बापाने केलेली खूण मुलाला दिसते.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पुस्तक शिळे होते. जुन्या ग्रंथांतून तबकड्यांच्या जंपरांवर पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. २००३ नंतर साटा पद्धतीच्या तबकड्या आल्या आणि त्या ज्ञानाची गरज हळूहळू संपली. डीडीआर-३ ची पट्टी २४० पिनांची व १.५ व्होल्टची, तर डीडीआर-४ ची २८८ पिनांची व १.२ व्होल्टची, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. म्हणून पुस्तक घेताना त्यावरील छपाईचे साल अवश्य पाहावे. मात्र धूळ, उष्णता, सैल जोडणी आणि कच्चे अर्थिंग हे यंत्राचे चार शत्रू मला सर्व आवृत्त्यांत सारखेच आढळले. दुसरे असे की, पुस्तक वाचून हात येत नाही. हात कामानेच येतो. तिसरी गोष्ट जिवाची आहे. वीजपुरवठ्याची पेटी तार काढल्यानंतरही आत विद्युत् साठवून ठेवते. ती नवशिक्याने कदापि उघडू नये.

आपल्याकडे शिक्षणाची सोय नाही, असेही म्हणवत नाही. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने खेडोपाडी संगणक वापरण्याचे शिक्षण नेले. चेन्नईची 'निमी' ही संस्था आयटीआयच्या व्यवसायांची पुस्तके काढते, आणि छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या परिसरात 'नायलिट' ही केंद्र सरकारची संस्था आहे. परंतु यंत्र वापरणे निराळे आणि यंत्र उघडणे निराळे. उघडण्याची विद्या सोप्या मराठीत, आकृत्यांसह, आपल्या गावच्या मुलाला झेपेल अशा रीतीने लिहिलेली फार थोडी आढळते. हे काम कारागिरांच्या ज्ञातीने करावयाचे नाही, तर कोणी?

आज कारखानदारही पुन्हा झाकाझाकीकडे वळू लागले आहेत. काही यंत्रांतील भाग डिंकाने चिकटविलेले असतात आणि दुरुस्तीची पुस्तिका मिळत नाही. ग्राहकाला दुरुस्तीचा हक्क असावा या विचाराने केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात एक संकेतस्थळ सुरू केले, ते स्वागतार्हच आहे. परंतु दुसऱ्याने विद्या झाकली म्हणून तक्रार करणाऱ्याने प्रथम आपल्या घरात काय झाकले आहे, हेही पाहिले पाहिजे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, घरात कोणतेही यंत्र आले की त्याची पुस्तिका पावतीबरोबर एका पिशवीत जपून ठेवा. दुसरी, मंडळाच्या वाचनालयात एक फळी या पुस्तकांसाठी राखून ठेवावी व तिच्याशेजारी एक कोरी वही असावी. ज्याने जे यंत्र दुरुस्त केले, त्याने तारीख, यंत्र, लक्षण आणि उपाय त्या वहीत मराठीत लिहावा. चुकला असेल तर चूकही लिहावी. तिसरी विनंती वडीलधाऱ्यांना आहे आणि ती हात जोडून करतो. आपल्याजवळ जे कसब आहे, मग ते फाळाला पाणी देण्याचे असो, दागिन्याला डाग देण्याचे असो की लाकडाचा सांधा बेमालूम बसविण्याचे असो, ते एखाद्या नातवाला समोर बसवून लिहून घेऊ द्या.

वहीचे पहिले पान मी लिहून आणले आहे. त्यात कार्यालयातील त्या संगणकाची हकीकत आहे. दुसरे पान आजोबांच्या फाळासाठी कोरे ठेवले आहे. पाण्याची ती वेळ कोणास ठाऊक असेल, तर त्यांनी ते भरावे, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.