किल्लारीनंतरची घरं

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी परिसरात माणसं दगावली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि धाब्याच्या छताच्या भाराखाली. पुढे 52 गावं नव्या जागी वसवली गेली. कागदावर काम फत्ते! पण चौकोनी आखणीच्या रुंद रस्त्यांत ओसरी, गल्ली, शेजार विरला. बैल बांधायचे कुठे, हा प्रश्न उरला. स्थलांतर लोकांनीच मागितलं होतं, हा आक्षेप खरा. दगडांची दहशतच तशी होती. मात्र गावाचा नकाशा त्यांनी आखला नव्हता. त्याच पुनर्वसन कार्यक्रमात दीड लाखांहून अधिक कुटुंबांनी सरकारी मदतीने, स्वतः गवंडी लावून, आपली जुनी घरं मजबूत केली. माझ्या लेखी किल्लारीचं खरं यश तेच.