पाणी, वीज आणि हायड्रोजन
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



"सध्या काय शिकवतेस ते सांग, पण सगळ्यांना कळेल असं," एवढीच अट संयोजकांनी घातली आहे. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवते. आमच्याकडे शेवटच्या वर्षाची मुलं चार-पाच जणांचा गट करतात, एखाद्या कंपनीचा खराखुरा प्रश्न घेतात आणि वर्षभर त्यावर काम करतात. अलीकडे त्यातले बरेच प्रश्न हायड्रोजनचे असतात.

त्याला कारण आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन तयार करायचा, असं त्याचं उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्रानं स्वतःचं धोरण मंजूर करून ८,५६२ कोटी रुपयांची तरतूद केली. त्याआधी २०२० मध्ये पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी कंपनी यांनी मिळून देशी बनावटीच्या फ्युएल सेलवर मोटार चालवून दाखवली होती, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये बस.

हायड्रोजन म्हणजे कोळशासारखं खणून काढायचं इंधन नव्हे. आज तो बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून काढतात आणि खतं, तेलशुद्धीकरण यांसाठी वापरतात. 'हरित' म्हणायचं तर सूर्य-वाऱ्याची वीज वापरून पाण्यापासून वेगळा करायचा. म्हणजे आधी वीज लागते. ती वीज या रूपात साठवायची आणि हवी तेव्हा वापरायची. पुण्यातल्या मुलांना हे समजवायला मला वेळ लागतो. तुम्हाला एका वाक्यात सांगते: हायड्रोजन म्हणजे पाऊस नव्हे, शिवसागर जलाशय. पावसाळ्यात साठवलेलं पाणी संध्याकाळी विजेची मागणी वाढली की पोफळीला सोडतात, तसंच हे. फरक इतकाच, की या धरणाला गळती फार. एक किलो हायड्रोजन करायला साधारण ५५ युनिट वीज लागते, आणि फ्युएल सेलमधून त्यातली १६-१७ युनिटच परत मिळतात.

आता एका गटाची गोष्ट. एका कारखान्यात धातूच्या भागांवर भट्टीत प्रक्रिया होते. त्याला हायड्रोजन लागतो आणि तो सिलिंडरमधून ट्रकनं येतो. छतावरच्या सौरविजेवर तो इथंच तयार करता येईल का, असा कंपनीचा प्रश्न होता. मुलांनी जपान-जर्मनीची माहिती गोळा करून जाडजूड अहवाल नेला. तिथल्या इंजिनिअरनं तो बाजूला ठेवला आणि विचारलं, "आमचं छत केवढं आहे?"

मुलं टेप घेऊन छतावर चढली. रोज १० किलो हायड्रोजन म्हणजे ५५० युनिट. एक किलोवॉटच्या पॅनेलमधून दिवसाला सरासरी चार युनिट धरली, तर जवळजवळ १४० किलोवॉटची पॅनेलं आणि सुमारे १,४०० चौरस मीटर मोकळं छत लागतं. उजेडाचे पत्रे आणि पंखे वगळता उरलं त्याच्या निम्मं. बाकीची वीज विकत घ्यायची, तर आठ रुपये युनिटनं किलोमागे ४४० रुपये नुसत्या विजेचे.

दुसरा प्रश्न विचारला भट्टीवरच्या एका कामगारानं. "घरचा गॅस गळला की वास येतो. हा गळला तर कळणार कसं?" मुलं गप्प. घरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो. हायड्रोजनला स्वतःचा वास नाही, आणि वासाची गंधकयुक्त द्रव्यं फ्युएल सेलमधल्या प्लॅटिनमला निकामी करतात. शिवाय घरचा सिलिंडरचा गॅस जमिनीलगत पसरतो, हा वर चढून छताखाली साठतो. म्हणजे गळती दाखवणारं यंत्र वर बसवायला हवं आणि छताला हवा जायची वाट हवी. शेवटी मुलांनी लिहून दिलं, की आज निम्माच हायड्रोजन इथं करणं परवडेल. कंपनीनं आधी छताखालची यंत्रं बसवली, बाकीचा निर्णय पुढं ढकलला. मुलांना वाईट वाटलं. मला वाटतं, त्या वर्षी ती खरी शिकली.

हे सगळं इथं सांगण्याचं कारण असं. कोयनेची सगळी यंत्रं, म्हणजे १,९६० मेगावॉट, एक तास पूर्ण क्षमतेनं चालली तर तेवढ्या विजेत साधारण ३५ टन हायड्रोजन होईल. हा हिशेब आपली नववीची मुलंही करू शकतात. गुणाकार-भागाकारच आहे तो. पण त्यांना तो करायला सांगणार कोण?

आपण कॉलनीत वाढलो. जेवताना टर्बाइन, बोगदा, शिफ्ट, व्हॉल्व्ह हे शब्द कानावर पडायचे. ते शिक्षण आपल्याला फुकट मिळालं. आज शाळेत येणाऱ्या पुष्कळ मुलांच्या घरी हे शब्द नाहीत. त्यांच्यात अशीही मुलं आहेत, ज्यांच्या आजोबांची शेतं या धरणाच्या पाण्याखाली गेली. त्यांच्या वाडीसमोरून वीज मुंबईपर्यंत जाते, पण कारखाना आतून कसा असतो ते त्यांनी पाहिलेलं नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्यातले कितीतरी जण कराडला, चिपळूणला, लोट्याच्या एमआयडीसीत, चाकणला काम करतात. दरवर्षी नववीच्या पाच मुलांचा एक गट घ्यावा. आपल्यापैकी एकानं आपल्या कामाच्या ठिकाणचा एक खरा प्रश्न द्यावा, छोटा असला तरी चालेल. परवानगी काढून मुलांना दोनदा तिथं न्यावं आणि वर्षाअखेरीस त्यांनी आपलं उत्तर तिथल्या माणसांसमोर मांडावं. हायड्रोजनच हवा असं नाही. पंपाचं बिल का वाढतं, हाही प्रश्न चालेल. विज्ञानाच्या बाई आणि सर शाळेची बाजू सांभाळतील, असा माझा विश्वास आहे. पहिल्या वर्षीच्या गटाची जबाबदारी मी घेते. दुसऱ्या वर्षासाठी नाव हवं आहे. जेवणाच्या मंडपाशी वही ठेवली आहे.