चाल दुप्पट, ऊर्जा चौपट

समजा, नारायण पेठेत केसरीवाड्यासमोरून तुमची स्कूटर ताशी १८ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ५ मीटरने चाललीय. ही झाली चाल. तिला दिशा जोडली की वेग. वेग बदलण्याचा दर म्हणजे त्वरण. त्यामुळे स्पीडोमीटरचा काटा जागचा न हलता नुसतं वळलात, तरी त्वरण असतंच.

आता स्वारासह वस्तुमान १८० किलो धरा. अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, ही गतिज ऊर्जा: २,२५० ज्यूल. चाल ताशी ३६ केलीत, की थेट ९,००० ज्यूल! ब्रेक लावल्यावर या ऊर्जेची उष्णता होते. सरासरी ९०० न्यूटन बलानं अडीच मीटरांत थांबणारी गाडी आता दहा मीटर घेते. पेठेत एवढा रस्ता मोकळा सापडतो का, तुम्हीच सांगा!