एका खणात किती मॅक्लॉफ्लिन?

आमच्या बेळगावात गाण्यावरून भांडण होणे ही काही बातमी नव्हे. किराणा की जयपूर, एवढ्या एका प्रश्नावरून दोन सख्ख्या भावांनी महिनाभर अबोला धरलेला मी लहानपणी पाहिला आहे. जवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व देवासला स्थायिक झाले आणि त्यांनी माळव्याची लोकगीते मैफलीत आणली, तेव्हा ही भर की हा त्याग, यावर आमच्याकडच्या ओसऱ्यांवर मध्यरात्रीपर्यंत खल चालत असे. परंतु गेल्या चार महिन्यांत आम्ही चौघे जण ज्यावरून भांडलो, तो कलावंत ना किराण्याचा ना जयपूरचा. तो इंग्लंडातल्या डॉनकॅस्टर गावी १९४२ मध्ये जन्मलेला एक जॅझ गिटारवादक आहे. त्याचे नाव जॉन मॅक्लॉफ्लिन.

प्रसंग असा घडला. गेल्या पावसाळ्यात आमचे एक स्नेही वारले. जन्मभर बँकेत नोकरी केली आणि संसारातून जे काही उरले ते तबकड्यांत घातले, असा हा माणूस. मुंबईस गेले की काळा घोड्याजवळच्या ‘ऱ्हिदम हाउस’ची वारी ठरलेली, २०१६ मध्ये ते दुकान बंद झाले तेव्हा घरात सुतक असल्यासारखा चेहरा करून ते आठवडाभर वावरत होते. त्यांच्या पश्चात वहिनींनी सारा संग्रह वाचनालयास देण्याचे ठरविले. ग्रंथपालांनी आनंदाने होकार दिला, परंतु एक अट घातली: एका कलावंतास एक खण, आणि एका खणात बारा तबकड्या. बाकीच्यांचे बारांत सहज भागले. मॅक्लॉफ्लिनच्या मात्र अडतीस निघाल्या! त्यांतून बारा निवडण्याचे काम वहिनींनी आम्हां चौघांवर सोपविले. एक भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, एक तबला वाजविणारे वकील, गावात गिटार शिकविणारी एक तरुण मुलगी, आणि मी.

या कलावंताच्या बाबतीत निवड एवढी अवघड का, ते आधी सांगितले पाहिजे. पुष्कळ ध्वनिमुद्रण करणारे वादक जगात कमी नाहीत. परंतु त्यांच्या दहा तबकड्या ऐकल्या की अकरावीचा अदमास येतो. येथे तसे नाही. १९६९ च्या जानेवारीत लंडनमध्ये ‘एक्स्ट्रापोलेशन’ ही चार वादकांची नेटकी जॅझ तबकडी मुद्रित करून हा तरुण न्यूयॉर्कला जातो काय, आणि १८ फेब्रुवारीस माइल्स डेव्हिसच्या ‘इन अ सायलेंट वे’च्या ध्वनिमुद्रणात जाऊन बसतो काय! गिटार येतच नाही असे समजून वाजव, असे माइल्सने त्या दिवशी आपल्याला सांगितल्याची हकीकत मॅक्लॉफ्लिन यांनीच अनेकदा कथन केली आहे. त्यानंतर विजेच्या गिटारीचा प्रचंड गजर. त्यानंतर एकाएकी साधी लाकडी गिटार आणि भारतीय संगीत. मग स्पेनच्या फ्लामेंको वादकांची संगत. मग संगणकाला जोडलेली गिटार. मग वाद्यवृंदासाठी लिहिलेला कॉन्चेर्टो. पुन्हा जॅझ, पुन्हा भारत. एका माणसाचे एवढे अवतार झाल्यावर भक्तांचे पंथ पडणारच.

प्राध्यापकांचा पंथ महाविष्णूचा. दचकू नका, ‘महाविष्णू’ हे नाव श्री चिन्मय या बंगाली गुरूंनी मॅक्लॉफ्लिन यांस दिले होते, आणि त्यांनी १९७१ मध्ये काढलेल्या पथकास तेच लाविले. आमच्या स्नेह्यांच्या मातोश्रींनी ते नाव ऐकून एका एकादशीस ती तबकडी लावावयास सांगितली होती. पहिल्या अर्ध्या मिनिटातच त्या माजघरात निघून गेल्या, असे वहिनी सांगतात. पनामात जन्मलेला बिली कॉबहॅम, झेक यान हॅमर, आयरिश रिक लेअर्ड, अमेरिकन जेरी गुडमन आणि हा इंग्रज, अशा पाच जणांनी ‘द इनर माउंटिंग फ्लेम’ आणि ‘बर्ड्स ऑफ फायर’ या दोन तबकड्यांत जे वाजविले, त्याच्या अलीकडे पलीकडे काही नाही, असे प्राध्यापकांचे प्रतिपादन. ‘बर्ड्स ऑफ फायर’ या शीर्षकाच्या रचनेचे आवर्तन अठरा मात्रांचे आहे. ते बोटांवर मोजीत ते आम्हांला तीनदा ऐकावे लागले. “अहो, हा गोंगाट नव्हे, हे गणित आहे,” असे ते म्हणाले, त्यावर वकीलसाहेबांनी, गणितालाही आवाज बेताचाच असावा, असा शेरा मारला.

वकीलसाहेब शक्तीपंथी. त्यांचे म्हणणे मी जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात आपल्याकडच्या श्रोत्याला धरण्यासारखे पुष्कळ आहे. महाविष्णूचे पहिले पथक १९७३ च्या अखेरीस फुटले. पुढल्या दोन वर्षांत, लोकप्रियतेच्या ऐन भरात, मॅक्लॉफ्लिन यांनी विजेची गिटार बाजूस ठेवली आणि व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विनायकराम, मृदंगमवर राघवन आणि तबल्यावर चोवीस वर्षांचे झाकिर हुसेन यांच्यासह जमिनीवर मांडी घातली. डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे अमेरिकेत त्यांनी वीणेचे धडे घेतले होते. पाश्चात्य गिटारीवर वीणेची मींड निघत नाही, म्हणून त्यांनी गिब्सन कंपनीकडून एक निराळी गिटार करवून घेतली. तिच्या दोन पडद्यांमधले लाकूड पन्हाळीसारखे कोरलेले, म्हणजे तार दाबून खोल नेता यावी. आणि मुख्य तारांखालून तिरप्या गेलेल्या सात तरफेच्या तारा. सतार जवळून पाहिलेल्या माणसाला याचे मर्म उलगडून सांगावे लागत नाही. १९७५ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका महाविद्यालयात जो कार्यक्रम झाला, त्याचीच पहिली तबकडी निघाली. तिच्यातली ‘जॉय’ ही आरंभीची रचना अठरा मिनिटांची आहे आणि तीत श्वास घेण्यास जागा नाही.

“परंतु खरा चमत्कार गोऱ्या माणसाने मांडी घालण्यात नाही,” वकीलसाहेब म्हणाले. “तबला आणि घटम, उत्तर आणि दक्षिण, एका लयीत इतक्या बरोबरीने आपल्याकडे तरी त्यापूर्वी कितीदा वाजले होते, सांगा!” हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताची सीमा ज्यांच्या दारावरून जाते त्या आम्हांला हा मुद्दा बोचल्याशिवाय राहिला नाही. प्राध्यापकसुद्धा मिनिटभर गप्प बसले. मग म्हणाले की, शक्ती उत्तमच, पण तीत मॅक्लॉफ्लिन पाहुणा आहे. महाविष्णूत तो यजमान आहे.

हे वाक्य मला अर्धेच पटते. पाहुणा असण्यात कमीपणा कोणता? मी तर पुढे जाऊन असे म्हणेन की, हा वादक सर्वांत चांगला वाजवितो तो त्याला कोणी तरी अडविणारा समोर असतो तेव्हा. त्याच्या हाताला वेगाची चटक आहे. मोकळे सोडले तर स्वरांचा सडा पडत जातो आणि थोड्या वेळाने कान बधिर होतो. झाकिर हुसेन समोर असले की तो सडा थांबतो, प्रश्न विचारला जातो, उत्तराची वाट पाहिली जाते. उलट १९७४ ची ‘अपोकॅलिप्स’ घ्या. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, संचालनास मायकेल टिल्सन टॉमस. सरंजामात काही कमी नाही. परंतु शंभर वादक आज्ञेत वागत असताना गिटारीला कोणी टोकत नाही. प्राध्यापकांना ती बारांत हवी होती. मी विरोध केला, आणि तो विरोध मी मागे घेतलेला नाही.

आता आमच्या गिटारवाल्या मुलीचे ऐका. पाको दे लुसिया आणि अल् दी मेओला यांच्या समवेत ५ डिसेंबर १९८० रोजी सॅन फ्रॅन्सिस्कोत वाजविलेली ती प्रसिद्ध मैफल तिला प्राणप्रिय असणार, अशी आम्हां म्हाताऱ्यांची खात्री होती. ती म्हणाली, “काका, ती काढून टाका.” आम्ही अवाक्. “माझ्याकडे येणारा प्रत्येक मुलगा पहिल्या दिवशी तेच मागतो. ती तबकडी वाचनालयात नसली तरी त्यांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. ‘माय गोल्स बियॉन्ड’ ठेवा; ती त्यांना कोणी सांगत नाही.” १९७१ ची ही तबकडी; तिची एक बाजू केवळ लाकडी गिटारीची, आणि दुसरीवर बादल रॉय यांचा तबला, तानपुरा, व्हायोलिन, सॅक्सोफोन अशी मंडळी. शक्तीची बीजे तीत पुढच्यापेक्षा साधेपणाने दिसतात.

मोबाइलचा उल्लेख निघताच प्राध्यापकांनी मूळ प्रश्नालाच हात घातला. सगळेच जर घरबसल्या ऐकू येते तर बारा कोणत्या, याला अर्थ काय? मुलीने उत्तर दिले ते असे: मोबाइलमध्ये अडतीसच्या अडतीस एका रांगेत उभ्या असतात आणि नवख्याने पहिली म्हणून कोणती ऐकावी हे कोणी माणूस सांगत नाही, खण हा माणसांनी निवडलेला असतो. सॅन फ्रॅन्सिस्कोची मैफल अखेर तीन विरुद्ध एक अशा मतांनी राहिली.

माझा स्वतःचा हट्ट एकच होता, आणि तो गावाच्या अभिमानाचा होता हे मी कबूल करतो. १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधल्या कार्यक्रमाची जी तबकडी आहे, तीत तालवाद्यांवर त्रिलोक गुर्टू आहेत. ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे हे चिरंजीव. आणि शोभाताईंचा जन्म १९२५ चा, आमच्या बेळगावचा. तबला, ढोल आणि झांजा हे सारे एकटा माणूस जमिनीवर बसून वाजवितो, वाजती घंटा पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा स्वर वाकवितो. हे ऐकून वकीलसाहेबांनीही हरकत घेतली नाही. या तिघांच्या मेळात गिटार पुन्हा सावध झालेली ऐकू येते. पुढची ‘आफ्टर द रेन’, १९९५ ची, कोल्ट्रेनचे जुने ढोलवादक एल्विन जोन्स यांच्यासह केलेली. हा गृहस्थ जॅझ सोडून गेला म्हणणाऱ्यांच्या तोंडावर ठेवण्यास ती हवीच, यावर चौघांचे एकमत झाले. असे एकमत दोनदाच झाले. दुसरे ‘धिस मोमेंट’वर. पुनरुज्जीवित शक्तीची ही तबकडी २०२३ मध्ये निघाली. गायनास शंकर महादेवन, म्हणजे चेंबूरचे आणि आपल्या श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेले. २०२४ च्या फेब्रुवारीत तिला ग्रॅमी मिळाले आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकिर हुसेन गेले. तिच्यावर वाद घालण्यास कोणाचा जीव धजला नाही.

‘इन अ सायलेंट वे’ मात्र वकीलसाहेबांनी कायद्याने मिळविली: ती माइल्स डेव्हिसच्या नावावर आहे, सबब ती माइल्सच्या खणात जाईल आणि आमच्या बारांत मोजली जाणार नाही.

अकरा झाल्या. बाराव्या जागेसाठी चार उमेदवार आणि चार मते, अशा पेचात आम्ही असताना वहिनी चहा घेऊन आल्या. नको असलेल्यांचा ढीग त्यांनी वरवर चाळला आणि त्यातली एक बाजूस काढली. १९९३ ची ‘टाइम रिमेम्बर्ड’. पियानोवादक बिल एव्हन्स यांच्या रचना केवळ गिटारींवर वाजविलेल्या. सोबत चार शास्त्रीय गिटारवादक आणि एक बास. ना तबला, ना ढोल, ना वेग. आम्हां चौघांपैकी एकानेही तिचे नाव उच्चारले नव्हते. प्राध्यापकांनी तर ती ढिगात टाकताना ‘निजविण्यास बरी’ असे म्हटले होते.

“ही तेवढी मी देणार नाही,” वहिनी म्हणाल्या. “शेवटचे पाच महिने संध्याकाळी हीच लावायचे ते. दुसरे काही नाही.”

श्रोतेहो, आमचे स्नेही तीस वर्षे आमच्याशी भांडले. प्राध्यापक महाविष्णूची बाजू मांडू लागले की ते शक्तीची घेत, आणि वकीलसाहेब शक्तीचे बोलू लागले की महाविष्णूची. त्यांचा स्वतःचा पक्ष कोणता, हे विचारण्याचे आम्हांला कधी सुचले नव्हते. चहा निवला. मग प्राध्यापकांनी, कोणी न सांगता, ‘अपोकॅलिप्स’चा आग्रह सोडला आणि बाराव्या जागी शक्तीची १९७६ ची ‘अ हँडफुल ऑफ ब्यूटी’ स्वतःच्या हाताने ठेवली.

वाचनालयाची पोच वहिनींकडे आली आहे. उरलेल्यांपैकी १९८४ ची ‘महाविष्णू’, ती संगणकी गिटारीची, जिला वकीलसाहेबांनी भर बैठकीत भंगार म्हटले होते, ती सध्या त्यांच्याच घरी आहे. पुरावा म्हणून नेली आहे, असे ते सांगतात. दोनदा मागितली, अद्याप परत आलेली नाही.