क्लचचे तेल जाते कोठे?

मोटार चालविणाऱ्याच्या डाव्या पायाकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. उजवा पाय वेग देतो आणि वेग आवरतो. त्याचे महत्त्व सर्वांना पटते. डाव्या पायाचे काम एवढेच, की इंजिन आणि गिअरपेटी यांचा संबंध क्षणभर तोडावयाचा व पुन्हा अलगद जुळवावयाचा. हे काम बिनबोभाट चालते तोवर त्याची कोणाला आठवणही होत नाही. परंतु बेळगावहून भाजी भरून गोव्याकडे निघालेली गाडी चोर्ला घाट उतरत असावी, चालकाने खालचा गिअर घेण्यासाठी पेडल दाबावे आणि ते कसलाही विरोध न करता तळाला जाऊन बसावे, असा प्रसंग आला म्हणजे डाव्या पायाची थोरवी ध्यानात येते. खालचा गिअर मिळत नाही, सारा भार ब्रेकवर पडतो आणि ब्रेक तापू लागतात. असा प्रसंग बहुधा अकस्मात ओढवत नाही. त्याची सूचना कित्येक दिवस आधी मिळालेली असते. ती ओळखली जात नाही, इतकेच.

ती ओळखावयाची तर आधी रचना समजून घेतली पाहिजे. काही लहान मोटारींत क्लच पोलादी तारेने ओढला जातो. पुष्कळ मोटारींत आणि मालगाड्यांत मात्र हे काम तेलाकडे सोपविलेले असते. पेडलामागे एक लहान सिलिंडर असतो, तो मास्टर सिलिंडर. गिअरपेटीजवळ दुसरा असतो, तो स्लेव्ह सिलिंडर. दोहोंना जोडणारी नळी तेलाने भरलेली असते. पेडल दाबले की मास्टरमधला दट्ट्या तेलाला ढकलतो, तेल स्लेव्हच्या दट्ट्याला ढकलते आणि तो क्लचच्या स्प्रिंगा दाबून प्लेट मोकळी करतो. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा नियम ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडला. त्याचा यासंबंधीचा ग्रंथ त्याच्या निधनानंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. सारा हायड्रॉलिक क्लच या एका नियमावर उभा आहे.

एक उदाहरण घेऊ. मास्टरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे २ चौरस सेंटिमीटर आणि स्लेव्हचे त्याच्या जवळजवळ दीडपट आहे, असे समजावे. पायाने १० किलोचा जोर दिला आणि पेडलाच्या तरफेने तो पाचपट झाला, तर दट्ट्यावर ५० किलोचा जोर पडतो. म्हणजे तेलावर दर चौरस सेंटिमीटरला २५ किलोचा दाब येतो. तेल या दाबाखाली आकसत नाही असे म्हटले तरी चालेल. परंतु नळीत एक घन सेंटिमीटर हवा शिरली असेल, तर ती मात्र दबून पंचविसाव्या हिश्श्याहूनही लहान होते. तेवढी पोकळी भरण्यात मास्टरच्या दट्ट्याची जवळजवळ ५ मिलिमीटर चाल व्यर्थ जाते. तरफ पाचपटीची असल्याने पेडलाची सुमारे २५ मिलिमीटर, म्हणजे इंचभर चाल वाया जाते. करंगळीच्या पेराएवढी हवा इंचभर पेडल गिळते, ती अशी. मग प्लेट पुरती सुटत नाही, गिअर घेताना दात घासतात, विशेषतः मागचा गिअर करकरतो, आणि चालक गिअरपेटीला दोष देतो.

ही हवा शिरते कोठून? बहुधा तेल कमी झाल्यामुळे. येथे पुष्कळांचा एक गैरसमज आहे. ब्रेकचे पॅड झिजले म्हणजे त्यांचे दट्ट्ये पुढे सरकतात आणि टाकीतील तेलाची पातळी थोडी उतरते. त्यात गळती असतेच असे नाही. हाच न्याय लोक क्लचलाही लावतात. वस्तुतः ज्या रचनेत स्लेव्ह सिलिंडर प्लेटच्या झिजेशी आपोआप जुळवून घेतो, तेथे उलटा प्रकार घडतो. प्लेट झिजली की स्प्रिंगेची टोके मागे येतात, स्लेव्हचा दट्ट्या किंचित आत रेटला जातो आणि थोडे तेल टाकीकडे परत येते. म्हणून क्लचच्या टाकीतील तेल उतरत असेल, तर ते झिजेमुळे नव्हे. ते कोठेतरी गळत आहे. नुसती भर घालून झाकण लावणे म्हणजे रोग झाकणे होय.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. पुष्कळ मोटारींत ब्रेक आणि क्लच यांची टाकी एकच असते. अशा अनेक टाक्यांत क्लचकडे जाणारी वाट वरच्या अंगाला ठेवलेली असते, ती हेतुपुरस्सर. तेल उतरू लागले की क्लच आधी रुसतो आणि ब्रेकपुरते तेल खाली शिल्लक राहते. तेव्हा अशा गाडीचे क्लच पेडल मऊ झाले, तर ती कदाचित ब्रेकची आगाऊ सूचना असते.

दोष शोधण्यास फार मोठी हत्यारे लागत नाहीत. पेडल दोन-तीनदा भराभर दाबल्यावर ते घट्ट होत असेल, तर आत हवा आहे, असा तर्क करावा. पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कोठेही ओल नसेल, तर मास्टरमधील रबरी वॉशर निकामी होऊन तेल आतल्या आत मागे सरकत आहे. चालकाच्या पायाखालचा गालिचा भिजला असेल, तर मास्टर बाहेर गळतो. स्लेव्हचे रबरी टोपण उचलून पाहता आत ओल दिसली, तर दोष तेथे आहे. इंजिन जोरात फिरूनही गाडी वेग घेत नसेल, तर तो बहुधा प्लेटचा दोष असतो. तेल बदलून तो जात नाही. मात्र पेडलाला आरंभीची किंचित मोकळी चाल हवीच. ती नसली, तर तेलाची परतीची वाट बंद राहते आणि चांगली प्लेटही घसरू लागते.

दुरुस्तीत घाई नडते. सिलिंडर उघडल्यावर आतील भिंत नखाने चाचपून पाहावी. तेथे गंजाचे खड्डे लागले, तर नुसते वॉशरचे किट बदलणे व्यर्थ आहे; खड्ड्यांची धार नवे रबरही कापील. तेथे पुरा सिलिंडर बदलणेच किफायतीचे. भाग पेट्रोलने किंवा रॉकेलने धुण्याची सवय घातक आहे, कारण त्यांनी हे रबर फुगते. ते त्याच जातीच्या ताज्या तेलाने धुवावेत. काही नव्या मोटारींत स्लेव्ह गिअरपेटीच्या आतच बसविलेला असतो. तो बदलावयाचा तर गिअरपेटी उतरवावी लागते; म्हणून त्याच वेळी प्लेट आणि बेअरिंगही तपासून घ्यावे.

हवा काढणे हे दोघांचे काम आहे. स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडे तेल असलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सोडून बुडबुडे जाऊ द्यावेत, आणि निपल पुन्हा आवळल्याखेरीज पेडल सोडू नये. हा क्रम चुकला तर काढलेली हवा परत आत ओढली जाते. मधून मधून टाकी भरीत राहावे. ती रिकामी झाली, तर सारे काम पुन्हा आरंभापासून.

शेवटी तेलाविषयी. टाकीच्या झाकणावर लिहिलेली जातच वापरावी. डॉट ३ आणि डॉट ४ ही तेले हवेतील बाष्प शोषून घेतात. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडे असता किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर शेकडा ३.७ पाणी मुरल्यावर किमान १५५ चालतो. एवढा फरक थोडे पाणी पाडते. कोकण-गोव्याच्या दमट हवेत महिनोन् महिने उघडा राहिलेला डबा म्हणूनच टाकून द्यावा. पुष्कळ कारखानदार दर दोन वर्षांनी तेल बदलण्यास सांगतात. काही गाड्यांना मात्र खनिज तेल लागते. तेथे डॉट तेल चालत नाही, आणि डॉटच्या गाडीत इंजिनचे तेल घातले तर सारी रबरे फुगून निकामी होतात. हे तेल विषारी आहे आणि रंगही उतरविते. ते पाण्याच्या बाटलीत ठेवू नये, नळीने तोंडाने ओढू नये, आणि अंगावर सांडले तर पाण्याने धुवावे.

घाट चढण्या-उतरण्यापूर्वी टाकीकडे एक नजर टाकण्यास अर्धा मिनिट लागत नाही. पातळी उतरलेली दिसली, तर ती भरण्याआधी एकच प्रश्न विचारावा: तेल गेले कोठे? त्याचे उत्तर मिळाल्याखेरीज गाडी घाटात घालू नये.