चकेरीच्या भंगारातील लिबरेटर



दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बी-२४ लिबरेटर जातीची १८ हजारांहून अधिक बॉम्बफेकी विमाने बांधली. युद्ध संपताच ती निरुपयोगी ठरली आणि हजारोंच्या संख्येने वितळवली गेली. मात्र या विमानाच्या युद्धसेवेचे अखेरचे पर्व घडले ते भारतात.

ब्रिटिशांना ही विमाने अमेरिकेकडून उसनवारीच्या करारान्वये मिळाली होती. युद्धानंतर ती परत करावीत अथवा नष्ट करावीत, अशी अट होती. त्यानुसार कानपूरजवळील चकेरी तळावर ती मोडीत काढण्यात आली. कुदळींनी पत्रे फोडले, इंजिनांत वाळू ओतली. पुन्हा उडू नयेत, याची पूर्ण दक्षता घेतली गेली.

याच सुमारास काश्मीरमध्ये युद्ध पेटले होते. स्वतंत्र भारतापाशी जड बॉम्बफेकी विमान नव्हते. डाकोटा या मालवाहू विमानाच्या दारातून हातांनी बॉम्ब ढकलण्याची पाळी वैमानिकांवर आली. तेव्हा दृष्टी वळली ती चकेरीच्या भंगाराकडे.

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना उभा राहिला होता. महायुद्धात तेथे अमेरिकी विमानांची दुरुस्ती होत असल्याने कारागिरांचा हात बसलेला होता. त्यांनी एकाचा भाग दुसऱ्याला जोडत चकेरीतील विमाने कशीबशी उडण्याजोगी केली. कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला नेली. कुठल्या विमानाचे इंजिन वाटेत दगा देईल, याचा नेम नव्हता! अशी सुमारे ४० विमाने पुन्हा उभी राहिली. २ नोव्हेंबर १९४८ रोजी कानपूर येथे हवाई दलाचे ५ क्रमांकाचे पथक त्यांवर स्थापन झाले.

१९५७ मध्ये या पथकाकडे कॅनबेरा जेट विमाने आली. तरीही लिबरेटर निवृत्त झाले नाही. पुण्यात १९५१ मध्ये नव्याने उभारलेल्या ६ क्रमांकाच्या पथकाने त्याला सागरी टेहळणीस जुंपले. लांब पल्ल्याचे हे धूड अरबी समुद्रावर तासन्‌तास घिरट्या घालू शके. अन्य देशांच्या हवाई दलांनी त्याला केव्हाच निरोप दिला होता; भारतीय हवाई दलाने तो १९६८ च्या अखेरीस दिला.

त्यानंतर मागणी सुरू झाली ती संग्रहालयांची. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील पिमा, कॅनडातील ओटावा आणि ब्रिटनचे रॉयल एअर फोर्स संग्रहालय येथे पोहोचलेले लिबरेटर हे भारतीय हवाई दलात उडालेलेच आहेत. ब्रिटनला दिलेले विमान १९७४ मध्ये भारतातून उडतच तेथे गेले.