खाडीच्या मुखातील वाळू
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



खाडीच्या मुखातील गाळ उपसावा, अशी सरकारकडे मागणी करणारा ठराव आज सभेपुढे यावयाचा आहे. त्यापूर्वी चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली. माझे आयुष्य बंदरांच्या बांधकामात गेले. वक्तृत्व मजपाशी नाही. म्हणून एकदम मुद्द्यावर येतो. ठरावात गाळ काढावा असे म्हटले आहे. काढलेली वाळू टाकावी कोठे, याविषयी त्यात एक अक्षरही नाही.

मुखाशी वाळूचा दांडा वाढला म्हणजे काय होते, हे तुम्हांस मी सांगावे असे नाही. भरतीची वाट पाहत होड्या बाहेर तिष्ठतात आणि मासळीचा भाव उतरतो. पावसाळ्याच्या तोंडावर त्या दांड्यावर फुटणाऱ्या लाटेने कित्येक घरांवर काय प्रसंग आणले, ते या सभागृहात बसलेल्यांना ठाऊक आहे. उपसा हवाच. परंतु ती वाळू कोणास घाण वाटते, तर ठेकेदारास ब्रासाच्या भावाने विकण्याचा माल वाटतो. वस्तुतः ती वाटेत अडकलेली प्रवासी आहे. लाट किनाऱ्यावर तिरपी येते, कण थोडा वर नेते, थोडा बाजूस सरकविते. असे कण कोसन् कोस चालत असतात. मुखाशी ते थबकले, की पलीकडच्या पुळणीची आवक तुटते.

ऑस्ट्रेलियातील ट्वीड नदीचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. तेथे वर्षाला सुमारे 5 लाख घनमीटर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. नौकांची वाट मोकळी राहावी म्हणून 1960 नंतर नदीमुखाच्या दोन्ही भिंती समुद्रात पुढे वाढविण्यात आल्या. वाळू दक्षिणेस साचली आणि उत्तरेकडील किर्रा येथील पुळण धुऊन गेली. नदी एका राज्यात, उजाड झालेला किनारा दुसऱ्या राज्यात! समजुतीस पुष्कळ वर्षे लागली. अखेर 1995 पासून मुखातील वाळू उपसून ती उत्तरेच्या किनाऱ्यांवर टाकण्यात आली. पुढे 2001 साली कायमची योजना सुरू झाली. नदीच्या दक्षिणेस समुद्रात सुमारे 450 मीटर लांबीचा धक्का आहे. त्याखालचे पंप वाळू ओढतात, ती नळांतून नदीच्या तळाखालून पलीकडे जाते व तेथून पुन्हा लाटांच्या स्वाधीन होते. आरंभी मात्र वाळू इतकी पडली की, किर्राची पुळण भलतीच रुंद झाली व जवळचा खडक पुरला गेला. तेव्हा मापाचाही विचार हवा.

आपल्या देशात पुदुच्चेरीला याच्या उलट घडले. 1980 नंतरच्या दशकात तेथे बंदरासाठी धक्के उभे राहिले. दक्षिणेस अडणारी वाळू उत्तरेस पोचविण्याचे काम नियमाने झाले नाही. शहरापुढची पुळण नाहीशी होऊन तेथे दगडांची रास आली. पुढे 2018-19 च्या सुमारास पाण्याखाली बांध घालून व वाळू टाकून पुळणीचा काही भाग परत मिळविण्यात आला.

आता कोकणाकडे वळू. ट्वीडची योजना जशीच्या तशी येथे आणा, असे मी म्हणणार नाही. आपल्या पुळणी डोंगरांच्या नाकांमध्ये अडकलेल्या. ऋतू पालटला की वाळूची चालही पालटते. परंतु त्यामुळेच अधिक जपले पाहिजे. अशा पुळणीची शिल्लक मोजकी असते. देवबागची चिंचोळी पट्टी एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्ली खाडी यांच्यामध्ये कशी उभी आहे, हे आपण पाहतोच. अशा जागी धूप झाली, की आपण दगडी बंधारा मागतो. बंधाऱ्याने घर वाचेल. परंतु रापण दगडांवरून ओढता येत नाही. रापणकाराची पुळण हेच त्याचे बंदर आहे. यांत्रिक नौकावाले व रापणकार यांचा जुना तंटा मी येथे उकरून काढीत नाही. एवढेच सांगतो की, एकाच्या वाटेतून निघालेली वाळू दुसऱ्याच्या पुळणीवर पडली, तर या एका कामात तरी दोघांचे हित एकच आहे.

दोन व्यावहारिक गोष्टी. खाडीतून निघणारे सारेच वाळू नसते. आतल्या भागात काळा चिखल असतो. तो पुळणीवर टाकल्यास पाणी गढूळ होईल व लोक शिव्या देतील. म्हणून आधी कणांची तपासणी हवी. दुसरे असे की, ड्रेजरने वाळू खोल समुद्रात नेऊन टाकली, तर ती आपल्याला अंतरली. तीच उथळ पाण्यात, लाटांच्या आवाक्यात टाकली, तर पुष्कळशी लाटाच किनाऱ्याला आणून देतात. नेमकी जागा कोणती, हे खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रासारख्या संस्थेकडून अभ्यासून घेता येते. खर्च वाढेल, अशी हरकत निघेल. निघू द्या. बंधाऱ्यालाही पैसा लागतो, आणि दगड खचले की तो पुन्हा लागतो.

यास्तव मूळ ठरावात पुढील शब्द घालावेत, अशी माझी सूचना आहे: “मुखातून काढलेल्या गाळाची परीक्षा व्हावी, त्यातील स्वच्छ वाळूचा लिलाव न करता ती लगतच्या धूप झालेल्या पुळणीवर अगर तिच्या समोरील उथळ पाण्यात टाकण्यात यावी, आणि ती जागा ठरविताना होडीवाले व रापणकार या दोघांचेही प्रतिनिधी उपस्थित असावेत.” या दुरुस्तीला अनुमोदन देण्यास रापणकारांपैकी कोणी तरी पुढे यावे, अशी माझी विनंती आहे.